चाळिसावा बैल

पूर्वी डोंगरावरच्या शैलपुरात चंडसेन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व घाटमाथ्याच्या बाजारात मापाडी होता. नाव सुदंत. तो ना डोंगराचा, ना किनाऱ्याचा, तिसऱ्याच मुलखातला. म्हणून दोन्ही देशांनी त्यालाच पंच नेमलं होतं.

करार साधा होता. किनाऱ्यानं मीठ द्यायचं, डोंगरानं भात. पायलीला पायली. पण डोंगरात पायली शिगेनं भरतात, वर ढीग येईपर्यंत. किनाऱ्यावर शिगेचं मीठ फक्त मयताच्या घरी देतात, म्हणून एरवी ते हात फिरवून सपाट करतात. कोणी कोणाला विचारलं नाही. डोंगरवाले वर्षानुवर्षं नुसते कुढत बसले. मग एक दिवस राजा म्हणाला, "हे चोर आहेत." त्यानं घाट बंद केला आणि किनाऱ्याचे चाळीस बैल धरून ठेवले.

किनाऱ्याच्या बैलतांड्याची पुढारीण नंदोत्तरा बोधिसत्त्वाकडे आली. "सुदंता, बैलांवाचून मीठ आगरातच विरघळेल. आमची पोरं काय वारा खातील?"

बोधिसत्त्वानं तिला आणि राजाला समोरासमोर बोलावलं. आधी तिलाच विचारलं, "बाई, शिगेचा भात घेताना तुमचा हात का नाही अडला?"

"नाही अडला," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

"आणि महाराज, तुम्ही विचारायच्या आधी बैल धरलेत. आता दोन्ही पायल्या सपाट. घाट उघडा, बैल सोडा."

राजा हसला. "पायली सपाट, घाट उघडा, कबूल. बैल सोडत नाही. काय करशील? सैन्य आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग गप बस. नाहीतर हात तोडीन. मापाड्याचे हात गेले की उरतं काय?"

बोधिसत्त्वानं दोन्ही हात पुढे केले. "तोडा. निवाडा तोंडानं दिलाय."

आणि त्यानं आपली पायली पालथी घातली. बाजारातल्या सगळ्या मापाड्यांनी घातली. पंचाचा शब्द मोडणाऱ्याचा माल कोणी मोजायचा नाही, ही घाटाची रीत. इतक्यांचे हात कोण तोडणार? राजा पाय आपटत गेला.

राजाच्या कोठारात भाताला कीड लागली. राजवाड्यात सगळं अळणी. राजा ताट ढकलायचा, तेव्हा आचारीण म्हणाली, "महाराज, मी काय रडून कालवण खारट करू?"

इकडे किनाऱ्याचे लोक राजाची कोठारं जाळायला निघाले. बोधिसत्त्व वाटेत आडवा झाला. "जाळा, पण आधी मला तुडवा. चाळीस बैल गेलेत, चाळीसच मागायचे. वर एक शेपूटसुद्धा नाही." ते मागे फिरले.

महिन्यानं राजा स्वतः बैल घेऊन आला. "उचल माप."

बोधिसत्त्वानं मोजले. "एकोणचाळीस."

"एक मेला."

"मग तुमच्या रथाचा द्या."

"राजानं पायी जायचं?"

"किनाऱ्याच्या बाया महिनाभर पायीच मीठ वाहतायत, महाराज."

राजानं रथातून खाली पाय टाकला. मग स्वतःच्या हातानं जू सोडलं.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तो चंडसेन म्हणजे तुमच्यातलाच, काल संघाचा निवाडा न मानता उठून गेलेला भिक्षू. नंदोत्तरा म्हणजे आपली चूक सभेत कबूल करणारी ही थेरी, ही ज्येष्ठ भिक्षुणी. आणि तो मापाडी मीच होतो." अधिष्ठान पारमिता म्हणतात ती हीच: बळ नसताना शब्दावरून न हलणं.