विसर्जनाचा हुकूम

विषय : ‘विसर्जन’ हा हुकूम मिळणेबाबत.
अर्जदार : हवालदार रंगराव धुमाळ (निवृत्त), कवायतीचे उस्ताद.

उपरोक्त विषयी खुलासा असा की, फौजेत परेड संपली की उस्ताद ‘विसर्जन’ म्हणतो. जवान उजवीकडे वळतो, सलाम करतो आणि मोकळा होतो. अर्जदाराच्या शेवटच्या परेडला हा हुकूम साहेब देणार होते, पण मध्येच त्यांना तातडीचं बोलावणं आलं. सगळे पांगले. अर्जदाराला जीपमध्ये बसवून स्टेशनवर सोडण्यात आलं. हुकूम तेवढा राहून गेला.

याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून अर्जदार रोज दुपारी चारला अंगणात सावधान उभे असतात. अर्धा तास. पाऊस असला तरी.

त्यांच्या पत्नी अनसूयाबाई यांनी आता तोंडी नोटीस दिली आहे : दिवाळीपर्यंत ही परेड सोडून घरात या, नाहीतर मी कराडला लेकीकडे चालले, ती कायमची.

अर्ज मी, शेजारी म्हणून, लिहून दिला. फौजेच्या कार्यालयाने तो संबंधित शाखेकडे पाठवला. शाखेने विचारलं, हा हुकूम कोणत्या नियमाखाली मागता? नियम सापडेना. म्हणून आम्ही दोघे टेकडीवरच्या दर्ग्यात नूरशा बाबांकडे गेलो.

बाबा लसूण सोलत बसले होते.

“मग मी अजून परेडवर आहे का नाही, बाबा?” हवालदारांनी उभ्यानेच विचारलं.

“बस की आधी.”

“ड्युटीवर असलो तर बसता येत नाही.”

“आणि नसलास तर?”

“तर बसेन. पण तसं कुणी सांगितलं नाही.”

बाबांनी एक पाकळी उन्हात धरून पाहिली.

“विसर्जन,” ते म्हणाले. “झालं? जा घरी.”

“तुमचा हुकूम चालत नाही, बाबा. तुम्ही फौजेत नव्हता.”

“साहेबांचा चालेल?”

“चालेल. पण ते वारले.”

“त्यांना कुणी सोडलं?”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. हा मुद्दा अर्जात नव्हता...

“बरं, तू किती जणांना सोडलंस?”

“रंगरूट होय? असतील दोनेक हजार.”

“सोडल्यावर कुठं जायची पोरं?”

“कँटीनला. कुणी घरी पत्र लिहायला. एक तुकडी थेट वर, सरहद्दीवर गेली. बर्फात. त्रेचाळीस जण.”

“परत आली?”

“काही आली.”

बाबांनी लसूण खाली ठेवला.

“त्यांना विसर्जन कुणी म्हटलं होतं?”

“मीच.”

“वळली, सलाम केला, गेली?”

“एका झटक्यात. एकाचाही पाय चुकला नाही, बाबा.”

हे सांगताना त्यांचा आवाज ताठ झाला. मग त्या ताठपणाचं काय करावं हे त्यांना समजेना...

बाबांनी सूप बाजूला सारलं आणि भिंतीला धरून उठले. ऐंशीच्या पुढच्या माणसाला यात जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. ते हवालदारांच्या समोर येऊन उभे राहिले. टाचा जुळवल्या. जवळजवळ जुळल्या.

“पायाचे पंजे उघडा,” हवालदार सवयीने म्हणाले. “मुठी बंद. अंगठा पुढं.”

बाबांनी दुरुस्ती केली.

“आता सोड मला.”

हवालदारांनी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं...

“तुम्ही जाल?”

“हुकूम आला तर जायलाच पाहिजे.”

“कुठं?”

“हे उस्तादानं विचारायचं असतं का?”

“नसतं.”

“म्हण मग.”

“म्हटलं तर...” हवालदार पहिल्यांदाच खाली बघून बोलले, “म्हटलं तर मैदानात मी एकटाच राहतो, बाबा.”

“आणि रोज चारला कोण कोण असतं?”

हवालदारांचे ओठ हलू लागले. न परतलेल्यांची नावं असावीत. बराच वेळ चालली.

बाबा उभ्याउभ्या एका अंगाला झुकू लागले. मला राहवेना.

“बाबा, आता बसा तुम्ही.”

बाबांनी मान वळवली नाही. नजर समोरच ठेवून म्हणाले,

“बसू कसा? उस्ताद अजून बोलला नाही.”

सद्यस्थिती : अर्ज प्रलंबित. दिवाळीला एकवीस दिवस आहेत.