आठवा पेला

"आणि डेन्मार्कचा माणूस?"

"डेनिश."

"नॉर्वेचा?"

"नॉर्वेजियन. अक्का, जरा अवघड विचारा हो. हा काय पोरखेळ!"

गोदाक्कांनी मेथी निवडता निवडता मांडीवरच्या वहीचं पान उलटलं. मौनमठाच्या स्वयंपाकघरात त्यांचं राज्य. इंग्रजीचा गंध नव्हता. पण वही तुळशीदासनेच केलेली, एका बाजूला देश आणि समोर तिथली माणसं, सगळं देवनागरीत.

"हॉलंड?"

"डच. फसवायला गेलात ना!"

तुळशीदास ढोमसे सहा वर्षं मठात आमटी ढवळत होता. डोळा मात्र फाटकाजवळच्या खुर्चीवर. तिथे बसून परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं. ती खुर्ची गेल्या महिन्यात रिकामी झाली, आणि विश्वस्त शहासने पुण्याहून कुणी कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी आणणार, असं कानावर आलं.

झालं. तुळशीदासने एकशे त्र्याण्णव देश पाठ केले. इतके घोकले, की आवारातल्या चिंचेवरची मैना पहाटे 'बेल्जियम बेल्जियन' ओरडायला लागली. ती मैना आता उडून गेली, नाहीतर दाखवता आली असती.

हात पुसत तो मौनीबाबांपुढे जाऊन उभा राहिला.

मौनीबाबा दिवसाला तीन वाक्यं बोलत. चौथं कुणी ऐकलेलं नाही. त्यातलं पहिलं रोज सकाळी सहाला, चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच जाई.

"साखर जास्त आहे."

उरली दोन. साधुमाणसाला एवढं एक तरी सुख असावं म्हणून तुळशीदास कपात तीन चमचे घाली. बाबांची तक्रार तो मनावर घेत नसे. वैराग्याचं बोलणं ते, असं समजून तो पुढे होई.

"बाबा, त्या खुर्चीला मी लायक नाही का?"

बाबांचे डोळे मिटलेलेच.

"कुठल्याही देशाचा माणूस समोर उभा करा. नाही ओळखला तर नाव बदलीन."

बाबांनी एक डोळा उघडला.

"शिबिराच्या दहाव्या दिवशी पाहुण्यांची ओळख तूच करून दे."

शेजारी बसलेले शहासने दचकले. "बाबा, यानं घोळ घातला तर?"

बाबांनी डोळा मिटला.

"बरं," शहासने तुळशीदासकडे वळले. "सगळे बरोबर सांगितलेस तर खुर्ची तुझी. नाहीतर हातातलं ओगराळं जन्मभर सुटायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी शिबिराला सात पाहुणे आले आणि आल्या आल्या दहा दिवसांच्या मौनात गेले. त्यांच्या नावागावाची वही शहासन्यांनी कपाटात घालून कुलूप लावलं.

"आता रे?" गोदाक्का म्हणाल्या. "ती बोलायची नाहीत. तुला कळणार कसं?"

"चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, अक्का. वाचता आलं पाहिजे."

मठात ज्याचा त्याचा पाण्याचा पेला वेगळा. ओळखू यावा म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची रीत होती. तुळशीदासने पाहुण्यांना डोळे भरून पाहिलं आणि प्रत्येक पट्टीवर ठसठशीत इंग्रजीत कोण कुठला ते लिहून टाकलं.

घंटेच्या आधी पाच मिनिटं जेवायला हजर असणारा, दारातून वाकून येणारा गडी... जर्मन.

पांघरुणाची काटेकोर घडी घालणारी नाजूक मुलगी... जपानी.

काळाकभिन्न उंचपुरा माणूस... नायजेरियन.

सोनेरी केसांची बाई... स्वीडिश.

आमटीभात हाताने कालवून भुरका मारणारे काका... यांना काय विचारायचं, इंडियन!

उरलेले दोघं अर्ध्या चड्डीत होते. अमेरिकन आणि अमेरिकन.

पहिल्या दिवशी गड्याने पेला उचलला, पट्टी वाचली, तुळशीदासकडे टक लावून पाहिलं आणि मग हात जोडले.

"बघा, अक्का! ओळखल्याचे आभार मानतोय."

"मला तर तो देवाचा धावा करताना दिसतोय," गोदाक्का म्हणाल्या.

दहा दिवस सात माणसं परक्या देशांच्या पेल्यांतून निमूट पाणी प्याली. बोलायची सोय नव्हती ना!

दहाव्या दिवशी भर दुपारी घंटा झाली. मौन सुटलं. सभामंडपात पाहुणे ओळीने बसले, समोर आपापले पेले. एका अंगाला शहासने, एका अंगाला गोदाक्का, मधे गादीवर बाबा.

तुळशीदासने इस्त्रीच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. "ही इज जर्मन!"

दहा दिवसांची सवय. गड्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने नुसती मान हलवली. नाही.

"...शी इज जपानीज?"

मुलीने मान हलवली.

"ही... नायजेरियन?"

उंचपुऱ्या माणसाने फार प्रेमाने मान हलवली.

तुळशीदासच्या डोक्यात एकशे त्र्याण्णव देश एकदम उभे राहिले, आणि एकही पुढे येईना. शहासन्यांनी खिशातून फोन काढला. पुण्याला लावायचा नंबर त्यांनी आधीच शोधून ठेवला होता.

तेवढ्यात बाबा गादीवरून उठले.

सभा चालू असताना बाबा उठले, हे तीस वर्षांत घडलं नव्हतं. ते हळूहळू चालत आले आणि ओळीच्या शेवटी मांडी घालून बसले. आठवे. गोदाक्कांकडून खुणेनेच एक पेला मागून घेतला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि तुळशीदासपुढे धरला.

कोरी पट्टी.

तुळशीदासने पेन उघडलं. पट्टीवर टेकवलं...

उचललं.

सहा वर्षं तो या माणसाच्या रोज पाया पडत होता. कुणी म्हणे बाबा नेपाळचे. मठाच्या छापील पत्रकात शहासन्यांनी 'हिमालयातून अवतरलेले' असं घातलं होतं. पण...

तुळशीदास बाबांसमोर खाली बसला. पेनाला टोपण लावलं.

"बाबा..."

आणि त्याने वहीत कुठेच नसलेलं एक वाक्य उच्चारलं.

"व्हेअर आर यू फ्रॉम?"

बाबांचा चेहरा फुलला. तीस वर्षं वाट पाहत असल्यासारखा.

"आय ॲम फ्रॉम भुसावळ."

गोदाक्का अशा काही हसल्या की पदर तोंडात कोंबूनही आवरेना. शहासन्यांनी पत्रकांचा गठ्ठा पायाने हळूच सतरंजीखाली सरकवला.

तुळशीदास उठला. आता त्याला कोण थांबवणार? गड्यापुढे जाऊन बसला, पेल्यावरची पट्टी ओरबाडून काढली.

"व्हेअर आर यू फ्रॉम?"

आणि गड्याला कंठ फुटला. गावाचं नाव, नदीचं नाव, आईच्या हातचं काय काय... तुळशीदासला त्यातला एकच शब्द कळला आणि तेवढा पुरला.

"अर्जेंटिना! अर्जेंटिनियन!"

टाळ्या.

उंचपुरा म्हणाला, रॉटरडॅम, हॉलंड.

"डच!" तुळशीदास ओरडला, आणि गोदाक्कांनी वही हवेत उंचावली. "हे मी विचारलं होतं!"

सोनेरी केस? "टर्किश!" दोन अर्ध्या चड्ड्या? एक न्यूझीलंडर आणि एक पोर्तुगीज. भुरका मारणारे काका म्हणाले, फिजी. हा देश आहे कुठे, हे शहासन्यांना ठाऊक नव्हतं. तुळशीदासला होतं. "फिजियन!"

शेवटी ती नाजूक मुलगी. "आयझॉल," ती म्हणाली. "मिझोराम."

तुळशीदासचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने स्वतःच्या छातीवर हात मारला. "इंडियन! सेम टू सेम!"

मुलीने हसत त्याच्या हातावर टाळी दिली.

सातपैकी सात. मंडपाचे पत्रे उडाले नाहीत एवढंच. शहासन्यांनी फोन खिशात ठेवला आणि त्याच खिशातून फाटकाची किल्ली काढली. अर्जेंटिनाच्या त्या पहाडाने तुळशीदासला सदऱ्यासकट खांद्यावर घेतलं, मिरवत फाटकापर्यंत नेलं आणि खुर्चीत ठेवलं.

त्या गडबडीत बाबांचं तिसरं वाक्य बोलायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. खुर्चीवर जाण्याआधी तुळशीदास बाबांसाठी चहा घेऊन आला. साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, कपावर नेला...

थांबला.

"बाबा... साखर किती?"

बाबांनी कपाकडे पाहिलं. मग तुळशीदासकडे पाहिलं.

"अर्धा चमचा."