पाथरवटाच्या बोटांचे ठसे

तिर्झाबाई निवृत्त शिक्षिका. दर मंगळवारी त्या वही घेऊन आपल्या शहराच्या वेशीवरच्या लष्करी नाक्यावर जात आणि पलीकडे, म्हणजे त्यांच्या शहरात, जायला परवाना घेऊन आलेलं कोण किती वेळ ताटकळलं ते टिपून ठेवत. बघायचं, लिहायचं, पण मध्ये तोंड घालायचं नाही, हा त्यांच्या स्वयंसेवक गटाचा दंडकच.

त्या दिवशी म्हातारा पाथरवट अबू मरवान पहाटेपासून रांगेत होता. पलीकडच्या इस्पितळात नऊला त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी त्याला तिला भेटायचं होतं. परवाना खरा होता, फोटोही खरा. पण ठसे तपासणाऱ्या यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा लागे. जन्मभर दगड घडवून बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती.

नाक्यावरचा कप्तान तोऱ्यात म्हणाला, "ठसा नाही, म्हणजे तू तो नाहीसच. जा, ठसे घेऊन ये."

"आणतो की, साहेब," अबू मरवान म्हणाला. "पण ते पलीकडे राहिलेत, तुमच्या घरांच्या दगडांवर. त्या दगडांना कुणी परवाना विचारला नाही. मला सोडा, म्हणजे घेऊन येतो."

रांग खो खो हसली. शिपायांनीही हसू लपवायला तोंडं फिरवली. कप्तानाने खाली मान घालून फाटक उघडलं.

तिर्झाबाईंनी वेळ लिहिली: साडेअकरा.

संध्याकाळी घरी कुलूप काढताना त्यांचा हात दाराच्या दगडी चौकटीवर टेकला आणि तिथेच थबकला. म्हाताऱ्याची ओळख पटवणारा साक्षीदार त्यांच्याच दारात उभा होता, आणि तिर्झाबाई मात्र साडेअकरापर्यंत नुसतं लिहीत बसल्या होत्या.