म्हाळसेच्या परसातलं रडणं

समुद्राकाठी एक गाव होतं. तिथे म्हाळसा नावाची बाई राहायची. नवरा गलबतावर गेलेला, घरात ती आणि तिची सहा वर्षांची लेक बायजा, दोघीच. घरामागचं परस मात्र उघडंबोडकं. म्हाळसाला फार वाटायचं, इथे बाग फुलावी.

एकदा काय झालं, बंदराला परमुलखातलं गलबत लागलं. त्यात रोपंच रोपं. निळ्या फुलांची, काळ्या फुलांची, ताटाएवढ्या फुलांची! म्हाळसानं टोपलीभर आणली आणि परसात लावली.

सकाळी बघते तर काय? सगळी रोपं उपटलेली. मुळं स्वच्छ धुतलेली. आणि ओळीनं निजवलेली, मेलेल्या माणसांना निजवतात ना, तशी.

कुणाची तरी खोडी असेल, म्हणून तिनं ती पुन्हा लावली. दुसऱ्या सकाळी तीच ओळ. आता प्रत्येक रोपावर एकेक पान पांघरलेलं. मग तिनं काट्यांचं कुंपण घातलं आणि तिसऱ्यांदा लावली.

तिसऱ्या सकाळी ओळ होतीच. आणि ओळीच्या शेवटी, बरं का, बायजा होती. पाय धुतलेले, अंगावर केळीचं पान. श्वास चालू, पण डोळे काही उघडेनात.

म्हाळसानं हंबरडा फोडला. तेव्हा मातीखालून एक म्हातारा आवाज आला.

"कळलं का आता, लेकरू नेलं की कसं वाटतं? ही परक्या मातीची पोरं माझ्याकडे आणून टाकलीस. आईसाठी रडतात नुसती. मी त्यांना काय पाजू?"

"चुकले गं माय. माझी बायजा दे!"

"माझी पोरं मला आणून दे. चार दिवस फुलून मरणारी नकोत. उन्हाळाभर माझ्या कुशीत दम धरतील आणि पावसात पुन्हा फुटतील, अशी आण. दिवस मावळायच्या आत."

म्हाळसानं आधी ती रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून बंदरातल्या त्याच गलबतावर परत पोचवली. मग धावतच डोंगर चढली.

निर्गुडी दिसली. तिनं बुंध्याला धरून ओढलं, तर खालून कुणीतरी कण्हलं. म्हाळसा घाबरली. झाड तसंच ठेवून एक फांदी तेवढी मागून घेतली. पुढे अबोली होती. तिला हात लावला, तर तीही कण्हली. मग तिचं वाळलेलं बी पदरात घेतलं. शेवटी कुसरीचा वेल. त्याचं एक टोक जमिनीला टेकून तिथेच मुळं धरून बसलेलं. ते तिनं हलकेच तोडून उचललं. यावेळी हूं का चूं नाही. जणू वाटच बघत होतं.

ऊन कलायच्या आत म्हाळसानं तिन्ही लावली, ओंजळीनं पाणी घातलं. माती एकदा खाली-वर झाली, झोपेत कूस बदलावी तशी. आणि बायजानं डोळे उघडले.

म्हाळसानं तिला पोटाशी धरलं. "घाबरलीस का गं?"

"नाही आई. तिचे हात उबदार होते."

पुढे नवरा सुखरूप परत आला. परस वर्षानुवर्षं फुलत राहिलं, फुलपाखरं आली, बुलबुल आले, आणि ती तिघं आनंदानं नांदली. झालं हं. आता गप पडा आणि डोळे मिटा बघू.