नऊ पानांची पंगत

वर्धा नदीच्या काठी पिपरडोह नावाचे गाव आहे. गावाबाहेरच्या टेकाडावर, एका बाभळीखाली, सद्गुरू सटवाजी महाराज राहत असत. अंगावर घोंगडी, हातात काठी, आणि आल्यागेल्याला पोटभर जेवू घालण्याचा भारी सोस! टेकाडाखाली त्या काळी कोळशाची खाण होती आणि निम्मे गाव तिच्या पोटात उतरत असे.

भिवरा ही महाराजांची भोळी भक्त. तिचा नवरा कवडू खाणीत कोळसा फोडायचा. सकाळची पहिली भाकर भिवरा टेकाडावर पोचवायची, मगच नवऱ्याची शिदोरी बांधायची. खाणीवरच्या डोमाजी मुकादमाला याचे मोठे हसू येई. माणूस कामाला वाघ, पण जिभेला हाड म्हणून नाही!

"काहून व भिवरे," तो चारचौघांत म्हणे, "तुह्या बाबाले खाणीत उतरव ना! फुकटच्या भाकरी हाणते, दोन टोपल्या तरी उचलून दाखवू दे!"

बिचारी भाकर पदराआड धरून टेकाड चढू लागे.

एका श्रावणात नदी फुगली आणि पाणी खाणीत घुसले. बाकीचे कसेबसे वर आले. कवडूसह नऊ जण आतच राहिले. पंप चालले, पण पाणी हटेना. तिसऱ्या दिवशी डोमाजीने मान खाली घातली. "आता आशा ठेवू नका," तो म्हणाला. भिवराने ते कानाआड केले. धावत ती टेकाडावर गेली आणि तिने महाराजांचे पाय घट्ट धरले.

"बाबा, माहा कवडू मले द्या जी!"

महाराज हसले. म्हणाले, "रडतं काहून माय? लेकरं उपाशी हायेत. चूल पेटव, अन् नऊ पानं मांड. इथंच, माह्यासमोर."

मागोमाग आलेल्या गावच्या बायांनी डोळे पुसत रांधले. भिवराने पळसाच्या नऊ पत्रावळी मांडल्या. तिला समजावून घरी न्यायला डोमाजी मागोमाग आला होता; ते पाहून त्याचा तोल सुटला.

"मेलेल्याईले जेवू घालता काय, महाराज? या बाईची थट्टा मांडली तुम्ही!"

महाराज रागावले नाहीत. "पानांभोवती पाणी फिरव, माय," एवढेच ते म्हणाले.

पंगतीची रीतच ती. भिवरा तांब्या घेऊन एकेका पानाभोवती धार धरू लागली. आठ पानांचे पाणी ओघळून उताराला लागले. नवव्या पानाशी मात्र धार जमिनीत गडप झाली! तिने आणखी ओतले, तेही गडप. डोमाजीने खाली बसून हात टेकला, तर माती भुसभुशीत. खाणीतच जन्म गेलेला माणूस तो, त्याला वेगळे सांगावे लागले नाही. खाणीत उतरणारी एक जुनी वाट कधीकाळी इथे बुजवली होती आणि सारे ती विसरून गेले होते.

"कुदळी आणा रे!" तो ओरडला, आणि कुदळ येईपर्यंत नखांनीच उकरू लागला.

दिवस कलायच्या आत भगदाड पडले. आतून आवाज आला, "हळू ना बे, डोक्यावर ढेकळं पडून रायले!" काय तो आनंद! नऊच्या नऊ जण धडधाकट बाहेर आले. भिवराने सगळ्यांदेखत कवडूच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि रडता रडताच ती हसू लागली.

कवडू म्हणाला, "पाणी छातीशी आलं तवा अंधारात कोणी म्हातारा काठी ठोकत समोर चालला. म्हणे, 'चला, पानं मांडली हायेत.' त्या ठोक्यामागं आम्ही चढत आलो."

सारे महाराजांकडे वळले. महाराज तर जागचे हलले नव्हते; पण त्यांच्या काठीचे टोक ओल्या कोळशाने काळे झाले होते.

डोमाजीने धावत जाऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी त्याला उठवले. "माहे पाय काहून धरतं? हे पानं ज्या माऊलीनं मांडले, तिच्या पाया पड."

अवघ्या गावादेखत तो मुकादम भिवरापुढे वाकला. ती लाजून चूर झाली. "उठा जी," ती म्हणाली, "अन् भात वाढू लागा. माणसं तीन दिसाचे उपाशी हायेत."

डोमाजीने भाताचे भगोणे उचलले आणि एकेका पानापुढे वाकून तो वाढत गेला. डोळे पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता.