बिनआवाजाची गाडी

“धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा थेंब नाही. मग ह्यात हिंसा कुठं आली, माताजी?”

प्रश्न भरतेश मगदूमचा होता आणि त्याने तो जरा मोठ्यानेच विचारला होता. गावच्या जैन बस्तीतलं, म्हणजे मंदिरातलं, सकाळचं प्रवचन नुकतंच संपलं होतं. माणसं अजून दारात चपला शोधत होती. त्यांच्याही कानांवर पडावं, एवढी सोय त्याने करून ठेवली होती.

निर्मोहमती माताजी पाटावर बसल्या होत्या. अंगावर एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिच्छी. वारणेकाठच्या या गावात त्या पायी आल्या होत्या आणि पायीच पुढे जाणार होत्या. साध्वीला वाहन वर्ज्य.

“तुझं म्हणणं काय?” त्यांनी विचारलं.

“मला अहिंसेचं व्रत द्या. सगळ्या समाजासमोर. मी गाडीसुद्धा अहिंसक घेतलीय.”

कोपऱ्यात त्याची आई बसली होती, पद्मक्का. तिने पदर तोंडाला लावला. हसू लपवलं की उसासा, ते तिलाच ठाऊक.

“गाडी बघू,” माताजी म्हणाल्या आणि उठल्या.

गाडी निंबाखाली उभी होती. इलेक्ट्रिक, निळी, कोरी करकरीत. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा भरतेशने अजून काढलेलं नव्हतं. हेल्मेट आरशाला अडकवलेलं.

“हे कुणाचं?”

“माझंच की.”

“मग आरशाला का?”

“नाक्यावर पोलीस दिसला की घालतो,” भरतेश हसत म्हणाला.

“म्हणजे डोकं पोलिसाचं आहे.”

दारातली माणसं हसली. चपला सापडल्या होत्या, तरी आता कुणी जाईना.

पद्मक्काने संधी साधली. “माताजी, ह्येला नियम द्यायचाच तर हळू यायचा द्या. गिरणीतनं सुटला की वाऱ्यागत येतंय. कुणाचं ऐकत न्हाई.”

“आई, मी कुणासाठी पळवतो तेही सांग की मग.”

पद्मक्काने तेही सांगितलं.

गाठ इथेच होती, आणि ती मायलेकांनी मिळून घट्ट आवळली होती. पद्मक्काने रात्रीचं जेवण सोडलेलं. सूर्य बुडाला की तोंडात घास नाही. त्यात नवल काही नाही, गावातल्या निम्म्या बायकांचा हा नियम आहे. पण पद्मक्काचं आणखी एक होतं. मुलगा दारात दिसल्याशिवाय ती ताटावर बसत नसे.

भरतेश सूतगिरणीत फिटर. गिरणी सुटायची ऊन कलल्यावर. वाटेत नदीवरचा पूल, उसाचे ट्रॅक्टर, गुरांचे कळप. सूर्य पुढे आणि भरतेश मागे, अशी रोजची शर्यत लागायची. तो हरला की आई उपाशी. त्याला स्वतःला तसला काही नियम नव्हता, तेव्हा ती उपाशीपोटी त्याला गरम भाकरी वाढायची. असा घास गिळून बघावा एकदा, म्हणजे कळेल तो गाडीची मूठ का पिळत होता.

मुलाची माया खरी, आईची माया खरी. पण दोघांच्या मायेत रस्त्यावरचं एखादं माणूस हकनाक गेलं असतं, नाहीतर तोच गेला असता.

माताजींनी सगळं ऐकलं.

मग म्हणाल्या, “रोज संध्याकाळी येतोस तसा ये. त्या चिंचेपासून. मी पिच्छी वर केली की थांब.”

“एवढंच?”

“एवढंच. आधी डोकं घाल.”

भरतेशने हेल्मेट घातलं.

“पद्मक्का, तुम्ही तिकडं बांधावर चढा. रस्त्याकडे पाठ करा. मुलगा आलेला ऐकू आला की सांगा.”

पद्मक्का बांधावर चढली, उसाकडे तोंड करून उभी राहिली. रोज ती दारात उभी राहायची तशीच, कान देऊन. माताजी रस्त्याच्या कडेला थांबल्या. माणसांनी रस्ता मोकळा केला.

भरतेश चिंचेपाशी गेला, वळला आणि मूठ पिळली. गाडी मुकाट निघाली. वेग चढला, वारा कानात शिरला, आणि आता सगळा गाव बघतोय या विचाराने त्याने मूठ आणखी थोडी पिळली.

पिच्छी वर झाली.

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. कालच्या ट्रॅक्टरमधून सांडलेला उसाचा पाला रस्त्यावर पसरला होता. मागचं चाक त्यावरून सरकलं, गाडी आडवी व्हायला लागली. त्याने पाय टेकले, कशीबशी सावरली. थांबला तेव्हा माताजी खूप मागे राहिल्या होत्या आणि तो पाण्याच्या टाकीपाशी पोचला होता.

त्याने वळून बघितलं.

बांधावर आई अजून तशीच उभी होती. रस्त्याकडे पाठ, मान जराशी कलती, एक हात कानामागे.

“अजून निघालाच न्हाई वाटतं,” ती खालच्या माणसांना मोठ्याने म्हणाली.

दारातली माणसं या वेळी हसली नाहीत.

डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जाणाऱ्या बाया भरतेशला आठवल्या. पुलाच्या कडेनं काठी टेकत जाणारा म्हातारा आठवला. सगळ्यांच्या पाठी. चेहरे त्याला एकाचाही आठवेना. आपण रोज कुणाच्या तरी आईच्या पाठीमागून असेच गेलो, आणि तिला कधी पत्ताही लागला नाही. हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली.

माताजी चालू लागल्या होत्या.

पिच्छी जिथे वर केली तिथून निघून त्या त्याच्याकडे येत होत्या. पुढची चार हात जमीन नजरेखाली घालायची आणि मगच पाऊल टाकायचं, हा साध्वीचा धर्म. त्यांची चाल त्या धर्माची होती. एका जागी त्या थांबल्या. तिथे मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती, मधेच चाकाने तुटलेली. उरलेल्या मुंग्या गोंधळून गोल फिरत होत्या. माताजी त्यांना वळसा घालून पुढे निघाल्या.

त्यांना यायला इतका वेळ लागला, की भरतेशला उभं राहणं जड झालं.

“इथवर तुझे चार हात,” त्या म्हणाल्या.

भरतेशने हॉर्नच्या बटणावर अंगठा ठेवला.

“उद्यापासून हॉर्न वाजवत येतो.”

“पद्मक्का बाजूला होतील. मुंगी?”

“मग हळू येतो.”

“ये.”

“पण मग सूर्य बुडतो, माताजी. आई उपाशी राहते.” त्याचा आवाज आता दारापर्यंत पोचत नव्हता. “ती हिंसा कुणाची?”

पद्मक्का बांध उतरून आली होती, तिच्याकडे माताजी वळल्या.

“अक्का, रात्री जेवत नाही, ठीक. दिवस असताना का जेवत नाही?”

पद्मक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“ह्येच्या वडलांच्या टायमाला मी जेवून बसले हुते,” ती शेवटी म्हणाली. “पोटभर. ताट इसळत हुते, तवर माणसं सांगत आली… पुलावर…”

तिने पुलाच्या दिशेने हात केला.

“तवापासनं घरचं माणूस बाहेर असलं की घास उतरत न्हाई. वाटतंय, मी जेवले की कायतरी हुईल.”

भरतेशने हे कधी ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जायचा. आई वाट बघते ती सगळ्यांच्या आया बघतात तशी, एवढंच त्याला वाटत आलेलं. इतकी वर्षं ही बाई रोज संध्याकाळी दारात एकटी उभी राहून त्याचा जीव राखत होती, स्वतःच्या भुकेनं. त्याला तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण गाडी सोडली तर ती पडली असती, आणि गावासमोर आईला मिठी मारायची सवयही नव्हती.

“आजच्या संध्याकाळपुरता एक नियम घ्याल?” माताजींनी विचारलं.

“कसला?”

“मुलगा दिसायच्या आधी जेवायचं.”

“न्हाई व्हायचं, माताजी.”

“होईल तेवढं.”

पद्मक्काने मुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग हात जोडले. “आजच्यापुरतंच हं.”

“आणि मला?” भरतेशने विचारलं.

“उशीर कर.”

“म्हणजे?… माताजी, व्रताचं काय?”

पण त्या बस्तीत शिरल्या होत्या.

त्या संध्याकाळी भरतेश गिरणीतून निघाला तेव्हा हेल्मेट डोक्यावर होतं आणि पट्टा हनुवटीखाली बांधलेला होता. नाक्यावरच्या पोलिसाने त्याला दोनदा निरखलं. ऊन असतानाच त्याने दिवा लावला. एरवी चार्जिंग वाचवायला तो दिवा लावायचा टाळायचा.

पाठ दिसली की तो लांबूनच वेग कमी करायचा, हॉर्न हलकासा वाजवायचा, आणि माणूस वळून बघेपर्यंत पुढे जायचा नाही. पाठींना चेहरे फुटले. भारेवाल्या बायांतली एक तर त्याच्या आईची मैत्रीण निघाली.

“आज काय रं, बरं न्हाई व्हय?” तिने विचारलं.

“बरंय की, मावशी.”

“मग असा माणसागत कसा चाललास?”

पुलाच्या तोंडाशी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता. मागे लाल दिवा नाही, ऊस बाहेर लोंबलेला. डाव्या अंगाला गाडी घुसेल इतकी फट होती. रोज तो त्याच फटीतून निघायचा. सूर्य पाण्याला टेकला होता आणि पलीकडे त्याचं गाव दिसत होतं. मूठ पिळायला हात शिवशिवला. आई दारात असेल. ताट झाकलेलं असेल. एवढ्यात पोचलो, तर अजून वेळ आहे…

याच पुलावर वडील गेले होते. त्यांनाही अशीच कुणाची तरी घाई असेल.

तो ट्रॉलीच्या मागे, बरंच अंतर ठेवून राहिला. पूल अर्धा झाला तेव्हा सूर्य बुडाला. रोजची शर्यत तो हरला, आणि हरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं मुठीवर केव्हापासून ढिली पडली आहेत.

आई उंबऱ्यात उभी होती. तिने त्याला खालून वर नीट बघून घेतलं. हेल्मेटवर बोटाने टक्‌टक्‌ केलं.

“आलास?”

“आलो. तू जेवलीस?”

“हात धू,” ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्याने पुन्हा विचारलं नाही. तिच्या पाठमोऱ्या हालचालीवरून काही कळतंय का, हे बघत तो जेवला. काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही बस्तीत आली. प्रवचन संपलं, माणसं पांगली, तरी भरतेश बसून राहिला. दारात कुणी उरलं नाही असं बघून तो पुढे सरकला.

“माताजी, उशीर केला.”

“हं.”

“आता व्रत देता?”

माताजींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या पद्मक्काकडे बघत होत्या.

“काल जेवलात?”

पद्मक्का शाळेतल्या पोरीसारखी खाली मान घालून उभी होती. “दोन घास गेले, माताजी. तिसरा हातातच ऱ्हायला.” मग तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण ती हसत होती. “पर कायबी झालं न्हाई. पोरगं आलं.”

आनंदाच्या भरात भरतेशच्या तोंडून निघून गेलं, “माताजी, आज मी बेतानंच येतो, पण गिरणीतून जरा आधी सुटून दिवस असताना पोचतो. म्हणजे आईला पोटभर…”

“नको,” माताजी म्हणाल्या. “अक्कांचा तिसरा घास जायचा आहे. आज अजून हळू ये.”