नळीत शिरलेली हवा

कराडच्या सुगंधाबाई लोहार नवऱ्यामागे एकट्याच गॅरेज चालवत होत्या. एका सकाळी निवृत्त मुख्य अभियंता त्र्यंबकराव दाभाडे आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन तिथे आले. गाडी रस्त्यावर झकास पळे, पण सिग्नलला थांबली की थरथरे आणि बंद पडे.

"कार्बोरेटर गेलाय. बदलून टाका," त्र्यंबकरावांनी हुकूम सोडला.

"आधी बघू तरी द्या, साहेब."

"बघा! दुसरं काही निघालं नाही, तर बाईमाणसाला गाडीतलं काही कळत नाही, हे गावभर सांगेन."

सुगंधाबाईंना त्या धमकीपेक्षा गाडीचं कोडं मोठं वाटलं. पळताना शहाणी असलेली गाडी उभी राहिली की का बिथरते? त्यांनी चालू इंजिनाजवळ कान नेला. कुठूनतरी बारीक फुसफुस येत होती. मग ओलं फडकं घेऊन त्यांनी एकेक रबरी नळी दाबून पाहिली. तिसऱ्या नळीवर फडकं बसताच थरथर थांबली आणि काढताच पुन्हा सुरू झाली. नळीला मागून चीर गेली होती, तिथून जादा हवा इंजिनात शिरत होती. पळताना इंजिन भरपूर हवा ओढत असल्यानं ती खपून जाई, पण गाडी उभी राहिली की तेवढ्यानंच पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडे.

त्र्यंबकराव वरमले, पण ऐट सुटेना. "एवढ्याशा हवेनं एवढी दणकट गाडी बंद पडते?"

"हवा नको तिथे शिरली की भल्याभल्यांचं बिघडतं, साहेब," नवी नळी बसवत सुगंधाबाई म्हणाल्या. "नळीतली आम्ही काढतो. डोक्यातलीवर मात्र आमच्याकडे इलाज नाही."

 त्र्यंबकराव खो खो हसत म्हणाले, "आहे की! तीही आत्ताच निघाली, बाई."